दिगू, फोन तूच केला होतास

दिगू, गारखेड्याच्या चौकात तुझा केवढा मोठा फ्लेक्स लावलाय! विजेच्या तारांच्याही वर गेलाय. तू हात जोडून हसतोयस आणि खाली लिहिलंय, 'शांततेचा आधारवड हरपला'. रिक्षातून जाताना ते वाचलं आणि मी मोठ्यानं हसले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. म्हटलं, "काही नाही रे बाबा, ओळखीचे होते." मग पुढच्या चौकापर्यंत रडत गेले. तुला जाऊन वीस दिवस झाले, आणि माझं अजून हेच चाललंय. आधी संताप येतो, मग रडू येतं, मग या माणसासाठी रडू आलं म्हणून पुन्हा संताप येतो.

तुझी पदं, तुझ्या निवडणुका, कुठल्या रस्त्याचं भूमिपूजन कधी केलंस, हे सगळं पेपरात येऊन गेलं. कुणी लिहिलं की तू शहर पेटवलंस, कुणी लिहिलं की तू शहर सांभाळलंस. दोघंही खरं बोलतायत, ही खरी पंचाईत. मला त्या भानगडीत पडायचं नाही. माझं तुझ्याशी एकच भांडण आहे, ते तुला पाठ आहे, आणि ते अर्धवट सोडून तू निघून गेलास. सभेतून मधेच उठून जायची तुझी सवय जुनीच.

सगळं शहर तुला साहेब म्हणायचं. एकेरीत बोलणारी मी एकटी उरले होते. पाचोडच्या शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर बसायचास आणि माझ्या वहीत डोकावून गणितं उतरवायचास. माझं चुकलं की तुझंही चुकायचं, आणि मार मात्र दोघांना मिळायचा. बाजाराच्या दिवशी तुझे वडील बैलगाडीतून कांदे आणायचे, माझे वडील तलाठ्याच्या कचेरीत कारकून. पुढं तू चितेगावच्या कारखान्यात लागलास, तिथं कामगारांचा पुढारी झालास. मी बी.एड. करून शिक्षिका झाले. आणि योगायोग असा की शहर वाढत वाढत गारखेड्याच्या पार पलीकडे गेलं तेव्हा त्या नव्या वसाहतीत आपण दोघंही राहायला आलो. ज्वारीच्या शेतात नुसते चुन्याचे पट्टे मारून प्लॉट पाडलेले. रस्ता नाही, दिवा नाही, नळ तर स्वप्नातही नाही. आमची वसाहत उतारावर वरच्या अंगाला, आणि खाली नाल्याच्या कडेला आधीपासूनची मुसलमान वस्ती. त्यांना आम्ही 'खालचे' म्हणायचो, ते आम्हाला 'वरचे' म्हणायचे. दोन्हीकडची पोरं माझ्या शाळेत होती, म्हणून दोन्हीकडं मी 'बाई' होते.

मग दुष्काळाची ती सलग वर्षं आली. धरणाचा तळ दिसायला लागला. आपल्या टाकीत आठवड्यातून एकदा पाणी पडायचं, आणि ते वरच्यांना आधी की खालच्यांना, यावरून हंडे एकमेकांवर आपटायला लागले. तेव्हा तू नगरसेवक होतास. आणि तेव्हा तू जे केलंस, ते तुझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. ते फ्लेक्सवर कुणीच लिहिलं नाही, कारण कुणाला आठवतच नाही.

तू दोन्हीकडच्या लोकांना टाकीखाली बसवलंस आणि म्हणालास, "पाळी ठरवून भागायचं नाय. पाळी सगळेच ठरवतात. वरच्यांना पाणी सोडायचं तेव्हा चावीपाशी खालचा माणूस उभा राहील. खालच्यांना सोडताना वरचा. तो आल्याबिगर चावी फिरणार नाय. वहीत त्याची सही पडल. मग कोण म्हणल चोरी झाली म्हणून?"

खालच्या वस्तीचे हाजीसाहेब दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "हौ, ये बात अच्छी है. पानी हमारा, गवाही तुम्हारी." ती वही माझ्याकडं ठेवायचं ठरलं. आणि चावी फिरवणार मेहबूबभाई, आपल्या टाकीचे लाईनमन. ते खालच्याच वस्तीत राहायचे. रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात ती लांब दांड्याची लोखंडी चावी टाकून ते उभे राहायचे आणि हाक मारायचे, "साक्षीला कोन हाय?" साक्षीला माणूस आला नाही तर बायाबापड्या शिव्या द्यायच्या, पण मेहबूबभाई हलायचे नाहीत. विडी ओढत बसायचे. एकदा आपल्या कुलकर्णीकाकांना साक्षीला जायला उशीर झाला म्हणून खालच्या बाया थेट त्यांच्या दारात आल्या आणि काकांना अंघोळीवरून ओल्या पंच्यानिशी घेऊन गेल्या. वर्षभर आम्ही त्यावर हसत होतो. त्या दोन वर्षांत, दिगू, खालच्या बायकांना माझ्या सांध्यांचं दुखणं माहीत होतं आणि मला त्यांच्या सुनांची बाळंतपणं. चावीपाशी उभं राहिलं की दुसरं करणार काय, बोलणंच व्हायचं.

हे तुझ्या डोक्यातून निघालं होतं. म्हणून तर मला तुझा इतका राग येतो. ज्याला अक्कलच नाही त्याच्यावर कोण रागावत बसतं?

कारण त्याच वर्षांत संध्याकाळी तू दुसऱ्याच तोंडानं बोलायला लागला होतास. शहराचं नाव काय असावं यावर तू दोन दोन तास बोलायचास, आणि नळाला पाणी कधी येणार विचारलं की घड्याळ बघायचास. सकाळी हाजीसाहेबांच्या ओट्यावर चहा, संध्याकाळी माईकवर 'त्यांना' दाखवून देण्याची भाषा. तुझी भाषणं तू माझ्याकडं पाठवायचास. "निमे, जरा तपासून दे, तुझ्यासारखं शुद्ध आपल्याला येत नाय." आणि मी लाल पेन घेऊन ती तपासायचे. वेलांट्या दुरुस्त केल्या, काने दिले, वाक्यं सरळ केली. मजकुराला हात लावला नाही. मला वाटायचं, हे निवडणुकीचं बोलणं आहे, सकाळी हा पुन्हा ओट्यावर जाऊन बसेलच. इतकी शिकलेली बाई मी, आणि इतकी मूर्ख.

आता तो दिवस. तू कितीही वेळा विषय बदललास तरी आज मी तो पूर्ण सांगणार आहे, आणि आज तुला उठून जाता येणार नाही.

निवडणूक तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या वसाहतीत तुझ्या पक्षाचा मेळावा, मुंबईहून पाहुणे येणार. पाळी होती खालच्यांची. सहा दिवस त्यांच्या नळाला थेंब नव्हता. सकाळी दहाच्या सुमाराला मेहबूबभाई माझ्या दारात आले. चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभे.

"बाई, साहेबांचा फोन आला. वरच्यांना सोड म्हणतात. साक्षीचं मी बघतो म्हणतात. आज पाळी खालच्यांची हाय. मी काय करू?"

मी तुला फोन लावला. तू घाईत होतास. म्हणालास, "निमे, एका दिवसाचं तर हाय. पाहुण्यांसमोर बाया हंडे घेऊन उभ्या राहिल्या तर माझी काय इज्जत राहती? उद्या खालच्यांना दुप्पट सोडू. तू सही कर आन् मोकळी हो."

मी वही काढली आणि खालच्यांच्या साक्षीदाराच्या रकान्यात माझी सही केली. मेहबूबभाईंनी ती बघितली. त्यांना फारसं वाचता येत नव्हतं, पण कुठल्या रकान्यात कोण सही करतं ते बरोबर कळायचं. म्हणाले, "बाई, ये तो हमारे लोगां की जगा है." मी म्हटलं, "मी आहे ना." ते अजून थोडा वेळ थांबले. मग गेले आणि चावी फिरवली.

वरच्या घरांतल्या पाणी खेचणाऱ्या मोटारींचा आवाज दुपारी खाली ऐकू गेला. रिकाम्या नळांपाशी बसलेल्या बाया उठल्या. पहिला दगड कुणी मारला, ते मला आजही माहीत नाही, आणि कुणी मला ते सांगूही नये. पण तो लागला मेहबूबभाईंच्या दारावर, आणि मारणारा त्यांच्याच गल्लीतला होता. आपलाच माणूस विकला गेला, असं त्यांना वाटलं. मग ती गर्दी वर आली, वरून लोक खाली धावले. तरी दुपारी अजून सावरता आलं असतं. तुझं एक वाक्य पुरलं असतं: 'मी सांगितलं होतं, चूक माझी आहे.' तू उद्याच्या मेळाव्यासाठी घातलेल्या मंडपात, जमलेल्या लोकांसमोर उभा राहून म्हणालास, "लाईनमन त्यांचा, गल्ली त्यांची, आन् दगड मात्र आपल्याला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची दुकानं जळाली. दोन्हीकडची माझी पोरं दवाखान्यात होती, काहींच्या हातापायांना प्लॅस्टर, काहींच्या डोक्याला टाके. संचारबंदी लागली. त्या संचारबंदीत आमच्या टाक्या भरलेल्या होत्या, दिगू. मी ते पाणी प्याले.

चौकशी झाली. मेहबूबभाईंनी सांगितलं की साहेबांचा फोन होता आणि बाईंची सही होती. तू म्हणालास, तुला काहीच कल्पना नाही. आणि मला म्हणालास, "वही सापडत नाय म्हण." मी म्हटलं, सापडत नाही. ती माझ्या कपाटात साड्यांखाली होती, आणि वहीवाचून मेहबूबभाईंचं कुणी खरं मानलं नाही. पाळी मोडल्याबद्दल मेहबूबभाई निलंबित झाले. वरच्यांच्या लेखी ते दंगलीचं मूळ, खालच्यांच्या लेखी गद्दार. चहाच्या टपरीवर कुणी त्यांच्या शेजारी बसेना. मशिदीत ते ज्या रांगेत उभे राहायचे तिथले लोक सरकायला लागले. दोन महिन्यांत बायकोला घेऊन ते चितेगावला एका खोलीत राहायला गेले, ते पुन्हा इकडं आलेच नाहीत.

आणि तू शांतता समितीचा अध्यक्ष झालास!

खोटं का बोलू, ते काम तू मनापासून केलंस. पुढं दोनदा दोन जमाव समोरासमोर आले तेव्हा तू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलास. कपाळावर दगड खाल्लास, ती खूण शेवटपर्यंत होती. माझे यजमान गेले तेव्हा पोहोचणारा पहिला माणूस तू होतास, तेरा दिवस माझ्या घरातलं मीठमिरचीसुद्धा तू बघितलीस. शाळेतल्या मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून घेतलंस, त्यावर स्वतःच्या नावाची पाटीही लावली नाहीस. हे सगळं तुझं आहे, ते मी कुणाला नाकारू देणार नाही. पण प्रत्येक सभेत तू छाती फुगवून सांगायचास की आपल्या भागात इतकी वर्षं एकही भांडण नाही. कसं होणार? ती वही बंद पडली. वरच्यांनी बोअर घेतले, खालच्यांनी टँकर लावले. कुणाला कुणाच्या साक्षीची गरज उरली नाही. शाळाही वेगळ्या झाल्या. भांडण होत नाही कारण भेटच होत नाही, आणि त्याला तू शांतता म्हणत होतास.

दर वर्षी मी तुला तेच विचारायचे, "मेहबूबभाईंचं कधी सांगणार?" तू म्हणायचास, निवडणूक होऊ दे. झाली की म्हणायचास, मंत्रिपदाचं ठरू दे. मग म्हणायला लागलास, पोराची निवडणूक होऊ दे. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तुझ्या नाकात नळी होती, तरी मी विचारलंच. निष्ठुर म्हण मला. तू म्हणालास, "निमे, आता बोलून काय व्हणार? झोपलेलं कशाला उठवायचं?" मी म्हटलं, "मेहबूबभाई जागेच आहेत रे." तू भिंतीकडं तोंड केलंस. मग म्हणालास, "चहा घेऊन जा." हे तुझे माझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. मी चहा न घेताच निघाले, आणि त्याचंही आता वाईट वाटतं.

गेल्या रविवारी तुझी शोकसभा झाली. दोन्ही वस्त्यांमधल्या मोकळ्या जागेवर मंडप. बऱ्याच वर्षांनी वरचे आणि खालचे एका छताखाली बसले, आणि त्यासाठी तुला मरावं लागलं. भाषणांवर भाषणं. कुणी म्हणालं, नव्या टाकीला तुझं नाव द्यायचं. मग 'साहेबांच्या बालमैत्रीण' म्हणून माझं नाव पुकारलं. घरून मी तुझ्या गणिताच्या चोऱ्यांचे दोन किस्से ठरवून आणले होते. माईकपाशी गेले आणि ते सगळे विसरले.

मी म्हटलं, "त्या दिवशी मेहबूबभाईंनी आपल्या मनानं पाणी सोडलं नव्हतं. दिगंबररावांनी फोन करून सांगितलं होतं. हे ते स्वतः सांगणार होते. राहून गेलं."

मंडपात कुजबुज सुरू झाली. तुझा एक कार्यकर्ता पुढं आला, म्हणाला, "बाईंना भरून आलंय, वय झालंय," आणि माईक घ्यायला लागला. तेवढ्यात हाजीसाहेब काठी टेकत उभे राहिले. ऐंशी पार केलेला माणूस. म्हणाले, "बोलने दो बाई को." मग माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "बाई, फोन साहब का था, मान लिया. वो तो गुजर गए. लेकिन मेहबूब गवाह के बगैर चावी कभी फिराता नहीं था. उस दिन हमारी जगा पे सही किसने की?"

दिगू, त्या क्षणी मला समजलं की इतकी वर्षं मी तुझ्या मागं का लागले होते. तू बोललास की मला बोलावं लागणार नव्हतं. तुझ्या कबुलीच्या मागं मला लपायचं होतं. तुला भित्रा म्हणत होते आणि मी तुझ्याच आडोशाला उभी होते.

"मी केली," म्हटलं. "वही हरवली म्हणून सांगितलं तेही खोटं होतं. ती माझ्या घरी आहे." ज्यांना मी खरं बोला, खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या होत्या ती माझी पोरं आता चाळिशीची झालीत, आणि ती समोर बसून माझ्याकडं बघत होती. खाली उतरताना हात कुणी दिला नाही. तुझा मुलगा तेव्हापासून माझा फोन घेत नाही. तुझी बायको तेवढी येऊन गेली. खुर्चीत बसली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मला ठाऊक व्हतं, बाई." म्हणजे तिलाही माहीत होतं!

काल हाजीसाहेब, कुलकर्णीकाका आणि मी चितेगावला गेलो. हाजीसाहेबांनीच निरोप धाडला होता, "चलो, बाई." काकांना गाडी लागते म्हणून ते पुढं बसले आणि पैठण रोडचे खड्डे मोजत राहिले. कारखान्यांच्या मागं चाळीसारख्या खोल्या आहेत, त्यातली शेवटची. मेहबूबभाई खाटेवर बसले होते. गुडघे गेलेत, दाढी पूर्ण पांढरी झालीय. त्यांनी आम्हाला ओळखलं, पण उठले नाहीत. बसाही म्हणाले नाहीत. आम्ही तिघंही उभेच होतो.

मी जे सभेत बोलले ते पुन्हा बोलले. हात जोडले. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलंही नाही.

"बाई," ते म्हणाले, "साहब पुढारी थे. पुढारी झूट बोलता, मेरेकू मालूम था. मगर तुम तो बाई थे."

कुलकर्णीकाका चष्मा पुसायला लागले.

मग मेहबूबभाईंनी हाजीसाहेबांना विचारलं, "सभा में कित्ते लोग थे?"

"मंडप भरा था," हाजीसाहेब म्हणाले.

"हमारी गल्ली के?"

हाजीसाहेब नावं घ्यायला लागले. मेहबूबभाई एकेका नावाला मान हलवत होते. मधेच थांबवून एकाचं नाव घेऊन विचारलं, "वो था? उसने सुना?" हाजीसाहेब म्हणाले, "सामनेच बैठा था." "और उसका बडा भाई?" "वो भी." असं पंधरावीस नावांपर्यंत चाललं. ज्यांची नावं हाजीसाहेब विसरले ती मेहबूबभाईंनीच सांगितली. कुणालाही सुटू दिलं नाही. इतकी वर्षं ती सगळी नावं त्यांनी मनात धरून ठेवली होती. शेवटचं नाव झालं तेव्हा त्यांनी आत हाक मारली आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. आम्हाला बसायची खूण केली. मग हाजीसाहेबांना म्हणाले, "जुम्मे को आता हूं."

मेहबूबभाई परवा, शुक्रवारी, आपल्या जुन्या गल्लीत येणार आहेत. मशिदीतल्या त्याच रांगेत उभे राहतील. कदाचित कुणी सरकणार नाही. एवढंच करायचं होतं, दिगू. तुला एका वाक्यात करता आलं असतं.